‘भा’ माप आलं म्हणून बूट आपोआप बसणार नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय: ‘ब्रिटिशांचे सदोष नंबर जाणार, भारताचं स्वतःचं “भा” माप येणार. फक्त आठ नंबर! मग कुठल्याही कंपनीचा बूट घ्या, नेमका बसणार.’

‘भा’मागचं काम खरं आहे आणि मोलाचंही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये ७९ ठिकाणी १,०१,८८० जणांचे पाय थ्रीडी स्कॅनरने मोजले. आपला पाय युरोपीय-अमेरिकी पायापेक्षा रुंद असतो, असं त्यात दिसलं. बूट आडवा दाबतो म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, मग तो टाचेत निसटतो.

‘फक्त आठ नंबर’ ही मात्र बातमीची मोडतोड आहे. आठ आहेत ते वयोगट: तान्ह्या बाळांपासून प्रौढ बायका आणि पुरुषांपर्यंत. राज्यातल्या झाडून साऱ्या पुरुषांना एकाच मापाचा बूट कसा बसेल? गटाच्या आत लहान-मोठी मापं लागणारच.

दोष एकट्या ब्रिटिश नंबरात आहे, हेही पटत नाही. तिथे एका नंबराला एक तृतीयांश इंच वाढतो, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपात एका नंबराला दोन तृतीयांश सेंटिमीटर. अमेरिकेचा टप्पा ब्रिटिशच, पण मोजणीची सुरुवात वेगळी, म्हणून पुरुषांचा आपला ८ तिकडे साधारण ९ होतो आणि युरोपात ४२. हे टप्पे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे तक्त्यात कुठेतरी अंदाज मारावाच लागतो. पण खरी उणीव तिघांतही तीच: नुसता नंबर रुंदीबद्दल काहीच सांगत नाही.

आणि ‘कुठल्याही कंपनीचा’? ब्रिटिश नंबर मुळात पायाचा नसतोच, फर्म्याचा असतो, म्हणजे ज्या साच्यावर बूट ओढून शिवतात त्याचा. फर्म्याची लांबी इंचांत घ्यायची, तिप्पट करायची, २५ वजा करायचे. ११ इंची फर्मा म्हणजे ८ नंबर. त्या ११ इंचांत पाय किती आणि बोटांपुढची मोकळी जागा किती, हे कारखाना ठरवतो. टोकदार बुटाला ती जास्त लागते. म्हणून एक ८ सैल, दुसरा घट्ट. छापलेलं अक्षर बदलून फर्मे बदलत नाहीत.

पायाचीच लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये सांगणारी मोंडोपॉइंट पद्धत आहे. स्कीइंगच्या बुटांना आणि काही देशांच्या लष्करात ती चालते. आपल्या दुकानांत ती रुजायला हवी.

मला काळजी वाटते ती मधुमेहींची. पायाची जाणीव कमी झालेल्या माणसाला बूट चावतोय हेच कळत नाही, जखम चिघळल्यावर कळतं. अशा कुणी ‘नेमका बसणार’ वाचून ऑनलाइन बूट मागवू नये. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर उभं राहून पेन्सिल सरळ धरून दोन्ही पाय आखून घ्या. मोठ्या पायाची लांबी आणि सर्वांत रुंद भाग मोजा, आणि तो कागद घेऊन दुकानात जा.