बाबांनी इंजेक्शन मागितलं तेव्हा

बाबांनी मला तीनदा सांगितलं होतं, "डॉक्टरांना विचार ना, एखादं इंजेक्शन देऊन सोडवतील का." पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. दुसऱ्यांदा रडले. तिसऱ्यांदा गप्प बसले, कारण तोवर मलाही तेच वाटायला लागलं होतं.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलनं केमो आता झेपणार नाही म्हणून सांगितलं आणि डिस्चार्जच्या कागदांबरोबर ते वाक्य हातात दिलं, जे इंदूरमध्ये बहुतेक घरांनी कधी ना कधी ऐकलंय. "अब घर ले जाइए, सेवा कीजिए." सेवा म्हणजे नेमकं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. दुखण्यावर ट्रामाडॉलच्या गोळ्या दिल्या होत्या, पंधरा दिवसांत त्यांचा काही उपयोग उरला नाही. लोकमान्य नगरातल्या आमच्या मागच्या खोलीत बाबा गुडघे पोटाशी घेऊन, पुढं वाकून रात्र रात्र बसायचे. आडवं झालं की पोटातली कळ थेट पाठीत घुसायची. भेटायला येणारे म्हणायचे, देवाचं नाव घ्या. एका काकांनी विनोबांचा दाखला दिला, १९८२ साली पवनारला त्यांनी अन्नपाणी आणि औषध सोडलं तो. सावरकरांचं १९६६चं प्रायोपवेशनही निघालं. मला त्या क्षणी फार राग आला. त्या दोघांनी विचार करून, आयुष्याचं काम झालं असं ठरवून ते पाऊल उचललं होतं. माझे बाबा काही ठरवत नव्हते. वेदना त्यांच्या तोंडून बोलत होती.

मग कोणाच्या तरी ओळखीतून आम्ही पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचलो. त्यांनी मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी सुरू केली आणि बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून सोबत पोट साफ ठेवणारं औषध. चौथ्या रात्री बाबा आडवे झोपले. आई दोनदा उठून त्यांचा श्वास बघून आली. सकाळी म्हणाले, "दाढी करून दे." त्यानंतर ते तेवीस दिवस जगले आणि इंजेक्शनचा विषय परत निघाला नाही. शेवटी मीच विचारलं. म्हणाले, "दुखत होतं गं, म्हणून म्हणत होतो."

आधी आम्ही दोन ठिकाणी विचारलं होतं. दोन्हीकडे उत्तर एकच, आम्ही मॉर्फिन ठेवत नाही, रजिस्टरची कटकट कोण करणार. बाबा उमेदीची नऊ वर्षं नीमचजवळ मनासाला शाळेत मास्तर होते. ते सांगायचे, फेब्रुवारी-मार्च आला की वर्ग अर्धा रिकामा, कारण पोरं अफूच्या बोंडांना चिरा द्यायला घरच्यांबरोबर शेतात. ज्या माळव्यात अफू पिकते, जिथं नीमचला सरकारचा अफूतून औषधी द्रव्यं काढायचा अल्कलॉइडचा कारखाना आहे, अफू पिकवायचे परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय ज्या मध्य प्रदेशात ग्वाल्हेरला आहे, तिथल्या माणसाला शेवटच्या महिन्यात त्याच अफूपासून बनणारी, काही रुपयांची गोळी सहजी मिळू नये? १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यानं नशेबाजांना किती आवरलं ठाऊक नाही, डॉक्टरांना मात्र इतकं घाबरवलं की पुढच्या पिढ्या हे औषध लिहायलाच शिकल्या नाहीत. २०१४ साली संसदेनं कायदा सैल केला. भीती तशीच राहिली. आणि मॉर्फिन दिलं म्हणजे माणूस लवकर जातो हा समज तर शिकलेल्या घरांतही आहे. नीट मोजून दिलं तर तसं होत नाही, हे मी तेवीस दिवस डोळ्यांनी पाहिलंय.

म्हणून "इच्छामरणाचा कायदा हवा की नको" असं कोणी विचारलं की मला लगेच हो किंवा नाही म्हणता येत नाही. पण मी विरोधातही नाही. माझ्या मावशीला मोटर न्यूरॉनचा आजार होता. तिला फारसं दुखत नव्हतं. हात गेले, वाचा गेली, गिळणं गेलं, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. अक्षरांच्या तक्त्यावर नजरेनं एकेक अक्षर दाखवत तिनं "पुरे" असं सांगितलं, एकदा नाही, चार महिने. तिच्यासाठी मॉर्फिन हे उत्तर नव्हतं. अशा माणसाला डॉक्टरनं मदत करावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे तो आजही गुन्हा आहे. वर्षानुवर्षं अचेतन पडून असलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली आणि मग ९ मार्च २०१८च्या निकालात सुप्रीम कोर्टानं जी वाट मोकळी केली ती उपचार थांबवण्याची, व्हेंटिलेटर नाकारण्याची. मरायला मदत मागण्याची नाही.

तरी तो कायदा उद्याच यावा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि त्याचं कारण आहे एक शब्द. भार. "मी तुमच्यावर भार झालोय." आपल्या घरांतली म्हातारी माणसं हे किती सहज बोलतात! बाबाही बोलायचे, औषधाचं बिल आलं की हमखास. जिथं वेदनेवरची गोळी मिळत नाही, रात्रीची बाई ठेवायला पैसे नाहीत, सून नोकरी सोडून बसलीय, तिथं त्या म्हाताऱ्याची सही इच्छेची म्हणायची की भाराची? कॅनडानं २०१६ साली कायदा केला आणि २०२१मध्ये मरण जवळ नसलेल्यांनाही तो लागू केला, तेव्हा तिथल्या अपंगांच्या संघटनांनी हीच भीती बोलून दाखवली. आपल्याकडे तर भार हा शब्द संस्कारातच मुरलेला. आधी मॉर्फिन प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असू दे. त्यानंतरही मावशीसारखं कोणी "पुरे" म्हणालं, तर त्याला नाही म्हणायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही.

बाबा गेल्यावर उरलेल्या गोळ्या परत करायला गेले होते. तिथं त्यांनी मोजल्या, रजिस्टरमध्ये लिहिल्या, माझी सही घेतली. दोन मिनिटं लागली. याच कटकटीपायी बाबा दीड महिना बसून राहिले.

माझं लिव्हिंग विल, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद, मी गेल्या महिन्यात केलं. २०२३पासून ते सोपं झालंय, मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. मला बोलता येईनासं झालं तर निर्णय मुलानं घ्यावा असं त्यात आहे, आणि काहीही बंद करण्याआधी वेदनेवर उपचार झालेत ना ते त्यानं डॉक्टरांना विचारावं, हेही लिहिलंय. त्यानं अजून वाचलेलं नाही. फाइल त्याच्या टेबलावर आहे.