कुंडीच्या तळाला खडी? नको, अजिबात नको

मिरग जवळ आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, "कुंडीत फुलांचा बहर आणणारे ५ सोपे उपाय", यंदा मला मावशीपासून खालच्या मजल्यावरच्या वहिनींपर्यंत चौघांनी पाठवला. उपाय असे: तळाला खडीचा थर द्या, सकाळ-संध्याकाळ पाणी घाला, रोप लहान असलं तरी कुंडी मोठीच घ्या, केळ्याच्या साली नि चहाचा चोथा मातीत टाका, आणि दर आठवड्याला एप्सम सॉल्ट. नवीन माणूस हे सगळं मनापासून करतो आणि त्याचंच झाड मरतं, मग म्हणतो माझ्या हाताला गुणच नाही. ते ऐकून जीव तुटतो म्हणून लिहितेय.

आधी खडीचं, कारण ते सगळ्यांनाच खरं वाटतं. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या फटींमधे सहजासहजी उतरत नाही, वरची माती अगदी तुडुंब भिजेपर्यंत ती ते धरून ठेवते, म्हणजे जो चिकचिकीत ओला पट्टा एरवी कुंडीच्या बुडाशी राहिला असता तो खडीमुळे वर सरकून मुळांपाशी येतो. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, ठिबकायचा थांबला की तोच उभा करा, परत पाणी गळायला लागेल. मातीचा थर जितका उंच तितका निचरा चांगला, आणि खडी नेमकी ती उंचीच खाते.

गेल्या जुलैत वहिनींची अबोली माना टाकून बसली होती, त्यांना वाटलं पाणी कमी पडलं म्हणून अजून घातलं. आम्ही कुंडी उपडी केली तर खाली चिऱ्याचे तुकडे, वर चिखल, गटारासारखा वास, आणि मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल सुटून हातात आली, आत नुसता दोरा राहिला. कुजलेलं मूळ असंच असतं. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवला की पुरे, आणि ते चिरे कुंडीच्या आत नको, बाहेर खाली ठेवा म्हणजे भोक मोकळं राहील. मातीचं म्हणाल तर मी दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घेते.

दोन वेळा पाणी, तेही गोव्यात! इथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, कितीतरी दिवस कुंडीला पाणी लागतच नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, ओलं लागलं तर घालायचं नाही, एप्रिल-मेच्या उन्हात कदाचित रोज घालावं लागेल पण तेही बोट बघूनच. खालच्या ताटल्या मात्र आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासाच, डेंग्यूचा डास असल्याच पाण्यात होतो.

मोठ्या कुंडीचंही तेच दुखणं, इवल्याशा मुळांना एवढं पाणी ओढवत नाही आणि माती ओलीच राहते. रोप सहा इंचीत लावा, मुळं भरली की मग मोठी.

साली आणि चोथा वाईट नाहीत, पण आधी कुजवा. कच्च्या साली टाकल्या की चिलटं येतात, साखर घातलेल्या चहाचा चोथा न धुता टाकला की मुंग्या, आणि मुंग्या आल्या की जास्वंदीवरचा तो पांढरा कापशी पिठ्या ढेकूणही वाढतो कारण त्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात.

एप्सम सॉल्टमधे मॅग्नेशियम आणि गंधक, बस. जुनी पानं शिरांच्या मधे पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम कमी असू शकतं, तेव्हा थोडं जरूर द्या. पण सगळं ठीक असताना दर आठवड्याला ओतलं तर झाडाला कॅल्शियम घेणं जड जातं, फुलं काही वाढत नाहीत. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर संपला की छाटायचा, आणि त्याला पाच-सहा तास थेट ऊन हवं. एक दिवस घरी असाल तेव्हा घड्याळ लावून बघा बाल्कनीत ऊन किती वेळ टिकतं, तेवढं नसेल तर मोगऱ्याचा हट्ट सोडून अबोली लावा, ती अर्ध्या सावलीतही फुलते.