लॉक-इन संपायच्या आत गाळा सोडताना

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीचा फोन आला, रडत होती. बुटीक चालत नाहीये, 9 महिने झालेत, गाळा सोडायचाय आणि ओनर म्हणतोय लॉक-इन, म्हणजे मध्येच जागा सोडता येत नाही तो काळ, 2 वर्षांचं आहे, उरलेल्या 15 महिन्यांचं भाडं टाका मगच चावी घेतो. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

डोंबिवलीत माझं पोळीभाजी केंद्र होतं. लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचं अग्रीमेंट) 5 वर्षांचं, लॉक-इन 24 महिने, भाडं 28 हजार, डिपॉझिट दीड लाख. पहिलं वर्ष बरं गेलं, मग पोळ्या करणाऱ्या दोघी सोडून गेल्या आणि त्यातच समोरचा रस्ता काँक्रीटसाठी खोदून ठेवला, गिऱ्हाईक फिरकेना. 14 महिने कसेबसे भरले आणि गाळ्याच्या मालकांना, ज्यांना मी काका म्हणायचे, सांगितलं की आता नाही जमत. ते शांतपणे म्हणाले, 10 महिने राहिलेत, 2 लाख 80 हजार होतात, डिपॉझिट वजा करून 1 लाख 30 हजार दे. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

खूप राग आला होता, पण काकांचं सगळंच चुकीचं नव्हतं. त्यांना पेन्शन नाही, त्या भाड्यावर त्यांचं घर चालतं, आणि सही मीच केली होती ना. धंदा बसला म्हणून करार सुटत नाही. लॉकडाऊनमध्येसुद्धा, मे 2020 मध्ये, दिल्ली हायकोर्टाने खान मार्केटमधल्या एका दुकानदाराला भाडं थांबवायची सूट दिली नव्हती, भरायला थोडी मुदत फक्त दिली. त्यामुळे रातोरात सामान काढून, शटर ओढून, फोन बंद करून जे पळतात त्यांची बाजू मी कधीच घेणार नाही.

पण देणं लागतो म्हणजे उरलेले सगळेच्या सगळे महिने देणं लागतो असं नाही, आणि इथेच लोक घाबरून फसतात. माझा मामेभाऊ वकील आहे, त्याने समजावलं की 1872 च्या करार कायद्यात कलम 74 आहे, करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी ती कमाल मर्यादा, त्याच्या आत वाजवी भरपाई मिळते. सुप्रीम कोर्टाने 2015 मध्येही हेच धरलंय की नुकसान झालेलं असावं लागतं. आणि कलम 73 खाली नुकसान मोजताना ते कमी करायला काय करता आलं असतं तेही बघतात, म्हणजे मालकाला गाळा मुद्दाम रिकामा ठेवून भाड्याचं मीटर चालू ठेवता येत नाही. प्रत्येक केसमध्ये कोर्ट सारखंच वागेल असं नाही, काहींना लॉक-इनचं बरंच भरावंही लागतं, म्हणून आपलं अग्रीमेंट वकिलाला दाखवाच. (अग्रीमेंट रजिस्टर आहे का तेही बघा. महाराष्ट्रात 11 महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करावंच लागतं आणि ती जबाबदारी मालकाची असते.)

सगळ्यात महत्त्वाची चावी. तुम्ही जागा रिकामी केली पण चावी तुमच्याकडेच, तर भाडं चढत राहतं. काका चावी घेईनात, म्हणून मी लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवली, अमुक तारखेला ताबा देतेय म्हणून. लाइट मीटरच्या रीडिंगचा फोटो काढला, भिंतींचे, मोरीचे फोटो काढले. आणि नुसती वाट बघत बसले नाही, स्वतः दोन ब्रोकरना सांगितलं, ओळखीच्या ग्रुपवर टाकलं. तीन महिन्यांनी मोबाईल रिपेअरवाला मिळाला.

मग काकांच्या घरी बसून हिशोब केला. गाळा रिकामा राहिला ते 3 महिने, 84 हजार. नवीन भाडेकरूची दलाली एक महिन्याचं भाडं, 28 हजार. रंग आणि मोरीची दुरुस्ती 12 हजार. एकूण 1 लाख 24 हजार, ते मी एक शब्द न बोलता मान्य केले कारण ते त्यांचं खरं नुकसान होतं आणि माझ्यामुळे झालं होतं. डिपॉझिटमधले 26 हजार त्यांनी चेकने परत दिले, दोघांनी कागदावर सह्या केल्या की आता कोणाचं काही देणं नाही.

मैत्रिणीला म्हटलं, 15 महिन्यांचा आकडा डोक्यातून काढ आणि आज रात्री बसून आधी नोटीसचं पत्र लिही.