गंगापूर रस्त्यावरील आमच्या जागेवरील वृक्षतोडीबद्दल आपल्या अभिप्रायास उत्तर

महोदय,

नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील आमच्या व्यापारी संकुलाला एक स्टार देऊन आपण जो सविस्तर अभिप्राय लिहिला आहे, त्याला संस्थेचा भागीदार या नात्याने मी स्वतः उत्तर देत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की २०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत दोन रात्रींत आम्ही सहा जुनी झाडे परवानगीशिवाय तोडली, विचारायला आलेल्यांना ‘परवानगी आहे’ असे सांगितले, नंतर दंड भरून मोकळे झालो आणि भरपाई म्हणून दर्शनी भागात कुंड्यांतले पाम मांडले. यातील ‘मोकळे झालो’ एवढे सोडून आपला प्रत्येक शब्द खरा आहे, आणि तसे जाहीरपणे लिहिण्यास आम्ही उशीर केला याबद्दल मी आपली क्षमा मागतो.

आमच्याकडे परवानगी होती ती दोन सुबाभळी आणि एक गुलमोहर अशा तीन झाडांची. विचारणा झाली तेव्हा आमच्या साइट इंजिनिअरने दाखवलेला कागद याच तीन झाडांचा होता आणि तो सहा झाडांना लागू नव्हता. ठेकेदाराच्या हाती जो नकाशा गेला होता, त्यावर मात्र खोदाईच्या रेषेत येणाऱ्या नऊही झाडांवर लाल फुल्या होत्या. तो नकाशा आमच्या कार्यालयातून गेला होता आणि त्यावर आमचा शिक्का होता. म्हणून सुरुवातीला आमच्या वतीने ‘ठेकेदाराची चूक झाली’ असे जे सांगितले गेले, ते मी मागे घेतो. चूक आमची आहे.

तोडलेल्या झाडांत एक चिंच, एक उंबर, दोन कडुनिंब आणि दोन करंज होते. पंचनाम्याच्या वेळी वृक्ष अधिकाऱ्यांनी बुंध्यांचा घेर मोजून चिंचेचे वय ४६, उंबराचे ४०, कडुनिंबांचे ३४ आणि ३१, करंजांचे २२ आणि १९ वर्षे असे ठरवले. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा आहे आणि त्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी नवी झाडे लावावी लागतात; ती सहा ते आठ फूट उंचीची असावी लागतात, त्यांची स्थाननोंद (जिओ-टॅगिंग) करावी लागते आणि ती सात वर्षे जगवावी लागतात. आमच्या बाबतीत हा आकडा १९२ येतो. तो मोठा दिसतो. पण रिक्षाथांब्यावर उंबराची जी सावली पडत असे, ती यांतले एकही रोप आज देऊ शकत नाही, हे मला तिथे उभे राहिल्यावर समजले. उंबराखाली बसणाऱ्या चहावाल्या मावशींना आता निळी ताडपत्री बांधावी लागते, आणि दुपारी दोननंतर ऊन तिच्याखालून आत येते. कुंड्यांतल्या पामांबद्दल तर काही बचाव करण्यासारखे नाही. ती विक्री कार्यालयाची सजावट होती, तिला वृक्षारोपण म्हणणे गैर होते, आणि ते सर्व पाम आम्ही हलवले आहेत.

आपल्या अभिप्रायातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रश्न असा, की तळघर कुंपणापर्यंत खोदल्यावर झाडे लावणार तरी कुठे? आमच्या धंद्यात या प्रश्नाला बगल देण्याची सवय आहे. तळघराच्या स्लॅबवर दीड-दोन फूट माती टाकून त्यावर झाडे दाखवली, की नकाशात हिरवे ठिपके भरून निघतात. मात्र त्या मातीत कडुनिंब किंवा चिंच कधीच मोठी होत नाही, कारण मुळांना खाली उतरायला जागा नसते, उन्हाळ्यात माती तापून कोरडी पडते आणि पावसाळ्यात पाणी साचते. शिवाय गळती सुरू झाली की सर्वांत आधी तीच झाडे काढली जातात. मी स्वतः पूर्वी असे नकाशे मंजुरीला पाठवले आहेत. या वेळी तसे करायचे नाही असे ठरवून आम्ही पूर्वेकडील संपूर्ण बाजूने साडेचार मीटर रुंदीची पट्टी तळघरातून वगळली आणि सुधारित नकाशा मंजूर करून घेतला. तिथे खालपर्यंत मूळची जमीन आहे. त्यासाठी १४ गाड्यांची जागा सोडावी लागली आणि ज्या दुकानदारांना वाहनतळाचा शब्द दिला होता, त्यांच्याशी नव्याने बोलावे लागले. त्यांतल्या एकाने नोंदणी रद्द केली. ही पट्टी इमारतीच्या करारपत्रात ‘कायम मोकळी जमीन’ म्हणून लिहिली आहे, म्हणजे पुढे संकुल सोसायटीच्या ताब्यात गेल्यावरही तिथे फरशी घालता येणार नाही.

या पट्टीत आणि मागच्या कोपऱ्यात मिळून ३१ झाडे बसली. त्याहून जास्त कोंबता आली असती, पण दाट लावलेली झाडे एकमेकांची वाढ खुंटवतात आणि पाच वर्षांनी कुणाला तरी ती विरळ करावी लागतात. लागवड ५ जूनच्या, म्हणजे पर्यावरण दिनाच्या, मुहूर्तावर न करता जुलै २०२५ मध्ये, जमीन खोलवर भिजल्यावर केली. खड्डे एक मीटर लांब, रुंद आणि खोल घेतले; निघालेला मुरूम बाजूला काढून पोयटा, कुजलेले शेणखत आणि निंबोळी पेंड यांनी ते भरले. रोपवाटिकेतून आलेल्या रोपांच्या पिशव्या फाडल्यावर दिसले, की बऱ्याच रोपांची मुळे तळाशी गोल गोल फिरून दोरीसारखी वळली आहेत. उंची आठ फूट आणि पाने टवटवीत, त्यामुळे वरून काहीच कळले नसते; पण अशी मुळे पुढेही गोलच वाढतात आणि दहा-बारा वर्षांचे झाड वादळात समूळ उपटून पडते. अशी २३ रोपे आम्ही परत पाठवली. बाकीच्यांची वळलेली टोके छाटून ती लावली, बांबूचे आधार सैल बांधले आणि खोडापासून दूर, रुंद आळी केली.

उरलेली १६१ झाडे महापालिकेच्या उद्यान विभागाने दाखवून दिलेल्या मोकळ्या भूखंडावर, आमच्या जागेपासून सुमारे दोन किलोमीटरवर लावली आहेत. ‘सावली आमची गेली आणि झाडे दुसऱ्यांच्या दारात’ हे आपले वाक्य मला मान्य आहे आणि त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. दोन्ही ठिकाणी मिळून आतापर्यंत ११ रोपे मेली, ती पाऊस संपण्याआधी बदलली. खरी परीक्षा उन्हाळ्यात आहे, म्हणून पहिल्या तीन उन्हाळ्यांसाठी ठिबक आणि टँकर यांचा खर्च प्रकल्पाच्या खात्यातून वेगळा काढून ठेवला आहे.

दंडाविषयी आपण मथुरा-वृंदावन भागात परवानगीशिवाय तोडलेल्या ४५४ झाडांच्या प्रकरणाचा दाखला दिला आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथे दर झाडामागे एक लाख रुपये दंड ठोठावला आणि तेवढे हरित आच्छादन पुन्हा उभे राहायला किमान १०० वर्षे लागतील, असे म्हटले. आपल्या राज्याच्या कायद्यातही दर झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आम्हाला झालेला दंड आम्ही तक्रार न करता भरला. परंतु गंगापूर रस्त्यावरच्या जमिनीच्या भावापुढे ही रक्कम किरकोळ आहे आणि केवळ दंडाला भिऊन कुणी करवत थांबवणार नाही, हे आपले मत बांधकाम व्यावसायिक म्हणून मला पटते. म्हणून आम्ही आमच्यापुरता नियम बदलला आहे. आता कोणत्याही जागेवर ठेकेदाराला नकाशा देण्यापूर्वी प्रत्येक झाडावर क्रमांक घातला जातो, परवानगीचा आदेश त्या क्रमांकांशी ताडून पाहिला जातो, आणि मी किंवा माझे भागीदार जागेवर हजर असल्याशिवाय एकही फांदी उतरवली जात नाही.

आपण विचारले होते, की झाडे तोडण्याऐवजी त्यांचे पुनर्रोपण का केले नाही. त्या सहा झाडांच्या बाबतीत ती वेळ आम्ही घालवली. कुंपणालगतची उरलेली चार झाडे हलवण्याचा आमचा प्रस्ताव होता, तो मागे घेतला आहे. मोठ्या झाडाची मुळे तोडून ते दुसरीकडे रुजवण्यापेक्षा भिंत दोन मीटर आत घेणे जास्त खात्रीचे आहे.

एक गोष्ट आपल्याला कदाचित माहीत नसेल. उंबराचा बुंधा कुंपणाच्या पायाला चिकटून असल्याने तो त्या रात्री जेसीबीने उपटला गेला नाही, फुटभर उंचीवर कापलेला तसाच राहिला. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर त्याच्या कडेने तांबूस कोंब फुटले. उद्यान विभागाच्या सल्ल्याने त्यांतले तीन जोमदार फुटवे ठेवले, बाकीचे काढले, आणि तिथे येणारे वीजमीटरचे दालन दुसरीकडे हलवले. आज सर्वांत उंच फुटवा माझ्या खांद्याला लागतो.

सर्व १९२ झाडांची क्रमांकवार यादी, जात, जागा आणि दर तीन महिन्यांची स्थिती असलेली नोंदवही आमच्या साइट कार्यालयात ठेवली आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे असतो. आपण यावे, झाडे स्वतः मोजावीत, आणि जे वाळलेले दिसेल ते नोंदवहीत आपल्या हाताने लिहावे. लिहिल्यापासून पंधरा दिवसांत ते बदलण्याची जबाबदारी माझी राहील. आपला अभिप्राय काढून टाकण्याची विनंती मी करीत नाही.

आपला,
भागीदार, बांधकाम संस्था