स्लज कुठे जाणार, ते आधी सांगा

विषय निघाला पुण्यातल्या नव्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांचा. नितीन जोरात होता. "जायकाच्या, म्हणजे जपानच्या सरकारी मदत संस्थेच्या, पैशातून ११ केंद्रं, रोजचं ३९ कोटी ६० लाख लिटर मैलापाणी साफ करायची क्षमता. सगळी नीट चालली की मुळा-मुठा मोकळा श्वास घेईल."

"घेऊ दे की," मीनल म्हणाली. ती पाण्याचे नमुने तपासते. "पण पाणी साफ झाल्यावर खाली जो घट्ट गाळ, म्हणजे स्लज उरतो, तो कुठे जाणार?"

"शेतात!" सुभाषने लगेच सांगितलं. त्याचं रान दौंडकडे, बेबी कालव्याच्या पाण्यावर. "नत्र आहे, स्फुरद आहे, सेंद्रिय कर्ब आहे. खताच्या गोणीचा भाव काय झालाय, बघितलास का?"

त्याचं म्हणणं खोटं नाही. पण मीनलने अडचण मांडली. पाच मिलिमीटरहून लहान प्लास्टिक म्हणजे मायक्रोप्लास्टिक. चांगलं चालणारं केंद्र पाण्यातलं असं नव्वद टक्क्यांहून जास्त प्लास्टिक अडवतं, पण ते नाहीसं होत नाही, बरंचसं स्लजमध्ये जाऊन बसतं. तो स्लज शेतात पसरला की पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यात, ओढ्यातून भीमेत, आणि शेवटी उजनीत. हे प्लास्टिक मैलापाण्यात येतं आपल्या कपड्यांतूनही: प्लायमाउथ विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात ॲक्रिलिक कपड्यांच्या सहा किलोंच्या एका धुण्यातून प्लास्टिकचे सात लाखांवर बारीक तंतू सुटू शकतात, असा हिशेब निघाला होता.

नितीन चिडलाच. "आधी नदीत ऑक्सिजन तर येऊ दे! कच्चं मैलापाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, गाळ दगडगोट्यांवर बसतो, माशांची अंडी त्याखाली गुदमरतात. मासे त्यानं मरतात, तुझ्या तंतूंनी नाही. देशात रोज ७,२३६ कोटी लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातलं जेमतेम २,०२३ कोटी साफ होतं, हे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे २०२१ चे आकडे आहेत. आणि प्रयोगशाळेत मारे ढीगभर प्लास्टिक घालून प्रयोग करतात, तेवढं नदीत असतं का?"

इथे मला नितीनचं बरंच पटलं. पहिला मार ऑक्सिजन संपण्याचाच आहे. पण म्हणून दुसरा मार नाहीच, असं होत नाही. ॲक्वेरियमच्या दुकानात माशांना घालायला लाल दोऱ्यासारखे किडे मिळतात ना, ट्युबिफेक्स? त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून बाकीचे जीव टिकत नाहीत अशा गाळातही ते जगतात, आणि गाळच खातात. मँचेस्टरच्या संशोधकांनी सॅलफर्डजवळ इरवेल नदीतले हे किडे तपासले, तर प्लास्टिक पोटात होतंच, आणि त्यातले बहुतेक तंतू होते. घाण सहन करून उरलेला हाच जीव पुढे माशाच्या पोटात जातो.

मीनलने नेदरलँड्सचा एक प्रयोग सांगितला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाण्याच्या चरात गाळाचे ट्रे ठेवले, त्यात वेगवेगळ्या प्रमाणात प्लास्टिक मिसळलं. तीन महिन्यांनी फरक नाही. पंधरा महिन्यांनी मात्र, पाच टक्के प्लास्टिकच्या गाळात तळातले जीव कमी झाले, त्यातही याच किड्यांच्या कुळातले जास्त. पाच टक्के हे प्रमाण फार मोठं आहे, नितीनचा आक्षेप तिथे लागू पडतोच. पण तीन महिन्यांत हात झटकले असते, तर हे कळलंच नसतं! आपल्याकडे तळातल्या जिवांकडे इतका वेळ कोण बघतं?

"मग जाळून टाका स्लज," नितीन म्हणाला. स्वित्झर्लंडने तो शेतात टाकायला बंदीच घातली आहे. पण दाबून पाणी काढलेल्या स्लजमध्येही साधारण तीन चतुर्थांश पाणी उरतं, ते वाळवायचा खर्च मोठा. मला वाटतं, तंतू घरातच अडवणं स्वस्त पडेल. फ्रान्सने २०२० मध्येच नव्या वॉशिंग मशीनमध्ये गाळणी बसवायचा कायदा केला.

"ते होईल तेव्हा होईल," सुभाष म्हणाला. "मी यंदा स्लज घेऊ का नको?"

"ओढ्याच्या कडेच्या रानात नको," मीनल म्हणाली. "आणि स्लजमध्ये शिसं, कॅडमियमसारखे जड धातू किती आहेत, त्याचा अहवाल हातात आल्याशिवाय कुठंच नको. तो मागायचा तुझा हक्क आहे."