केटी हुरादो कुणाला ‘सापडली’ नव्हती

‘बुलफाइट बघायला आलेली एक देखणी मेक्सिकन मुलगी हॉलिवुडच्या नजरेत भरली, ‘हाय नून’मध्ये नायकाची मैत्रीण झाली आणि ऑस्कर पटकावणारी पहिली मेक्सिकन अभिनेत्री ठरली.’ केटी हुरादोच्या फोटोसकट हा मजकूर जुन्या सिनेमांच्या ग्रुपांवर फिरत असतो. हेतू कौतुकाचाच, पण तिच्या वाट्याचं निम्मं श्रेय त्यातच बुडतं.

आधी ते नजरेत भरणं. दिग्दर्शक बड बेट्टिकरने तिला बुलफाइटच्या ठिकाणी पाहिलं आणि ती नटी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, हे खरंच. पण ते त्याचं अज्ञान! ती बुलफाइटवर वृत्तपत्रांत लिहायची आणि १९४३ पासून मेक्सिकन सिनेमांत कामं करत होती. बेट्टिकरच्या १९५१ च्या चित्रपटात इंग्रजी धड येत नसताना तिने संवाद घोकून म्हटले, एवढं मात्र नवं.

आता ‘नायकाची मैत्रीण’. ‘हाय नून’ (१९५२) हा वेस्टर्न पाहिलेल्या माणसाने हे लिहावं? हुरादोने रंगवलेली हेलन रामिरेझ ही गावातली व्यापारी बाई आहे, एका दुकानात तिची भागीदारी आहे. खलनायक परत येतोय म्हटल्यावर ती आपला हिस्सा विकून मोकळी होते. समोरचा व्यापारी अदबीने बोलतो, ती हिशेबाने. नायक गॅरी कूपर निरोपाला येतो तेव्हा वर्षभर भेट नाही, एवढंच दोघं स्पॅनिशमध्ये बोलतात. त्यांचं जे काही होतं ते कधीच संपलेलं. उलट नवऱ्याला, म्हणजे त्याच नायकाला, सोडून निघालेल्या ग्रेस केलीला तीच खडसावते: माझा माणूस असता तर मी बंदूक घेऊन लढले असते. त्या काळच्या वेस्टर्नमध्ये मेक्सिकन बाईला इतका ताठ कणा क्वचितच मिळायचा.

आणि ऑस्कर. ते तिला मिळालंच नाही. ‘ब्रोकन लान्स’मधल्या (१९५४) स्पेन्सर ट्रेसीच्या कोमांची (मूळ अमेरिकन जमातीतल्या) बायकोच्या भूमिकेसाठी नामांकन मिळालं, ऑस्करची बाहुली इव्हा मरी सेंटने नेली. ही भूमिका मुळात मेक्सिकन अभिनेत्री डोलोरेस देल रिओची. कम्युनिस्टांशी जवळीक असल्याच्या संशयावरून देल रिओला अमेरिकेत कामाची परवानगी मिळाली नाही. हुरादोने जिंकला तो गोल्डन ग्लोब, ‘हाय नून’साठी. शिवाय दिग्दर्शक बुन्युएलच्या ‘एल ब्रूतो’ या मेक्सिकन सिनेमासाठी मायदेशातला आरिएल हा चित्रपट पुरस्कार. पण त्या मजकुरात मेक्सिकोतल्या एकाही सिनेमाचं नाव नाही.