दीड ग्रॅमचा हिशेब : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रसायनशास्त्रज्ञ अब्राहम डोम्ब यांच्या संशोधनावर मी लिहिलेल्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण स्वतः औषधनिर्मितीच्या क्षेत्रात अनेक वर्षे काढली आहेत, त्यामुळे आपल्या आक्षेपांना दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : मेंदूतील कर्करोगाची गाठ काढल्यावर तिथे ठेवायची, औषध हळूहळू सोडणारी ग्लियाडेलची एक चकती २०० मिलिग्रॅमची असते आणि एका रुग्णाला अशा जास्तीत जास्त आठ चकत्या लावतात, म्हणजे सगळे मिळून पॉलिमर (लहान घटक जोडून बनलेल्या लांब साखळ्यांचा पदार्थ) भरतो जेमतेम दीड ग्रॅम, एवढ्याशा पदार्थाला ‘शाश्वत’ म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. शिवाय त्या चकतीने आयुष्य वाढते ते आठ आठवड्यांनी, आणि एरंडेलापासून बनवलेला जो लेप डोम्ब यांनी पुढे इतकी वर्षे घडवला, तो अजून रुग्णालयांच्या रोजच्या वापरात आलेला नाही. मग हे कौतुक कशासाठी, असे आपण विचारता.

आधी माझी चूक मान्य करतो. ग्लियाडेलच्या पॉलिमरला मी ‘वनस्पतिजन्य’ म्हटले होते आणि ते बरोबर नव्हते. त्या साखळीत दर शंभर घटकांमागे ८० घटक सेबॅसिक आम्लाचे असतात. जगातले बहुतेक सेबॅसिक आम्ल एरंडेल तेलापासूनच तयार होते, त्यामुळे तेवढ्यापुरते माझे विधान टिकते. उरलेले २० घटक मात्र बिस-कार्बॉक्सिफेनॉक्सिप्रोपेन या बेंझीनची वलये असलेल्या संयुगाचे असतात आणि त्याचा एरंडाशी काही संबंध नाही. श्रेयाबाबतही मी घाई केली. चकतीमागची पॉलिअनहायड्राइडची, म्हणजे पाण्याने तुटणाऱ्या अनहायड्राइड बंधांनी जोडलेल्या पॉलिमरची कल्पना एमआयटीतील रॉबर्ट लँगर यांच्या गटाची आणि शस्त्रक्रियेची बाजू जॉन्स हॉपकिन्समधील हेन्री ब्रेम यांची. डोम्ब यांचा वाटा मुख्यतः पॉलिमर घडवण्यातला आहे, आणि त्याच्याविषयीच मला बोलायचे आहे. लेखात या दोन्ही दुरुस्त्या मी केल्या आहेत.

आता ‘शाश्वत’ या शब्दाकडे वळतो. आपण तो वजनाने मोजता, म्हणजे किती टन प्लास्टिक वाचले यावर त्याची किंमत ठरवता. बाजारातल्या पिशवीसाठी हे माप योग्य आहे. पण पिशवी वापरून झाल्यावर ती कुठेतरी टाकता येते. कवटीच्या आत ठेवलेली चकती टाकायला जागाच नसते. तिच्यातला प्रत्येक बंध कधी तुटेल, तुटल्यावर काय उरेल आणि उरलेल्याचे शरीर काय करील, याचे उत्तर रसायनशास्त्रज्ञाला ती घडवण्यापूर्वीच द्यावे लागते. कच्चा माल कुठून आला, उत्प्रेरकाचा अंश मागे राहिला का, द्रावक पुरता निघाला का, हे प्रश्नही त्याच हिशेबात येतात. शाश्वततेची यापेक्षा कडक कसोटी मला माहीत नाही, आणि ती दीड ग्रॅमलाही तितकीच लागू असते.

या पॉलिमरचा इतिहास हेच सांगतो. १९३२ साली हिल आणि कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञांनी सेबॅसिक आम्लापासून पॉलिअनहायड्राइड बनवले होते. त्यांना धागा हवा होता, आणि हा धागा पाण्याने तुटत असल्यामुळे तो वस्त्रोद्योगाच्या कामाचा नव्हता. हा दोष किती खरा आहे ते मी हाताने अनुभवले आहे. ऐन पावसाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत अशा पॉलिमरच्या भुकटीची बाटली माझ्याकडून नीट बंद झाली नाही. सोमवारी पाहतो तो भुकटीचे गोळे झाले होते आणि रेणुभार, म्हणजेच साखळ्यांची लांबी, इतका उतरला होता की चार आठवड्यांचे काम पुन्हा करावे लागले. लँगर यांच्या गटाने १९८० च्या दशकात हाच दोष उपयोगात आणला. अनहायड्राइडचा बंध पाण्याने चटकन तुटतो, पण साखळीचा बाकीचा भाग तेलकट असल्याने पाणी सहजासहजी आत शिरत नाही. म्हणून चकती साबणाच्या वडीसारखी प्रामुख्याने पृष्ठभागावरून झिजत जाते आणि तिच्यातले कार्मस्टीन हे कर्करोगावरील औषध हळूहळू बाहेर पडते.

मात्र त्यासाठी साखळी पुरेशी लांब हवी होती, आणि सुरुवातीच्या पद्धतींनी ती लांब होत नव्हती. १९८७ साली डोम्ब आणि लँगर यांनी जास्त रेणुभाराची पॉलिअनहायड्राइडे कशी बनवावीत हे दाखवले. वितळलेल्या अवस्थेत, १८० अंशांच्या आसपास, निर्वातात आणि द्रावकाशिवाय हे बहुवारिकीकरण, म्हणजे घटकांची साखळी जोडणे, होते. कॅडमियम ॲसिटेटसारख्या उत्प्रेरकांनी ते वेगाने होते, पण कॅडमियम विषारी आहे हे सांगायला नको. त्याच मालिकेत कॅल्शियम कार्बोनेटही होते, म्हणजे चुनखडीतला तोच साधा पदार्थ, आणि वैद्यकीय वापरासाठी त्यांना एकटे तेच सुरक्षित वाटले. बाकीच्यांचा वापर विषारीपणामुळे मर्यादितच राहील, असे डोम्ब यांनी नंतर लिहिले. माझ्या लेखात कौतुक होते ते या निवडीचे. शरीराला चालणार नाही ते भट्टीतही नको, ही सवय एकदा लागली की कारखान्याच्या सांडपाण्यातही तो धातू जात नाही.

एरंडेलाच्या लेपाला आपण ‘शोधनिबंधांपुरते रसायन’ म्हटलेत. इथे माझा आपल्याशी ठाम मतभेद आहे. आजीच्या हातून घेतलेले एरंडेल आठवत असेल, तर त्याचा परिणाम ज्यामुळे होतो ते रिसिनोलेइक आम्लच या लेपाचा मुख्य घटक आहे. एरंडेलात मेदाम्लांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के वाटा एकट्या या आम्लाचा असतो, आणि त्याची रचना पॉलिमरच्या दृष्टीने फार सोयीची आहे. १८ कार्बनच्या साखळीत बाराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट बसलेला असतो; तिथून पुढची साखळी जोडली जाते आणि शेवटचे सहा कार्बन शेपटीसारखे बाजूला लोंबत राहतात. या शेपट्यांमुळे साखळ्या एकमेकींना चिकटून स्फटिक बनवत नाहीत आणि पाणीही बंधांपासून दूर राहते. १९९९ पासून जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील डोम्ब यांच्या गटाने या आम्लावर आधारलेली पॉलिमरे मांडली. २००३ साली तयार पॉलिसेबॅसिक साखळीत रिसिनोलेइक आम्ल घुसवण्याची पद्धत त्यांनी प्रसिद्ध केली. ७० भाग रिसिनोलेइक आणि ३० भाग सेबॅसिक असलेला पदार्थ मलमासारखा असतो, सुईतून टोचता येतो आणि शरीरातल्या पाण्याचा स्पर्श होताच घट्ट होतो. त्यात जेंटामायसिन हे प्रतिजैविक मिसळून उंदरांच्या हाडांतील जंतुसंसर्गावर प्रयोग झाले आहेत. ग्लियाडेलमध्ये बेंझीनच्या वलयांमुळे राहिलेली उणीव इथे भरून निघते, कारण साखळीतले दोन्ही घटक एरंडेलातूनच येतात आणि विघटनानंतर दोन्ही मेदाम्लांच्या रूपातच सुटतात.

ही उणीव किरकोळ नव्हती. दोन रुग्णांवर ६४ आणि ९२ दिवसांनी पुन्हा शस्त्रक्रिया झाली, तेव्हा चकत्यांचे अवशेष सापडले. त्यांत बहुतेक पाणी आणि सुटे घटकच होते, औषध जवळपास संपलेले होते. म्हणजे औषधाचे काम झाल्यावरही वाहक मागे रेंगाळला होता. हे आपल्या बाजूचे उदाहरण आहे आणि मी ते माझ्या लेखातच द्यायला हवे होते.

आठ आठवड्यांविषयी मला जपून लिहायचे आहे. आपला आकडा बरोबर आहे : १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २७ केंद्रांतील २२२ रुग्ण होते, औषधाची चकती मिळालेल्यांचे मध्यम आयुर्मान ३१ आठवडे आणि औषधाविना चकती मिळालेल्यांचे २३ आठवडे होते. पण हे रुग्ण गाठ पुन्हा वाढलेले होते, आणि कार्मस्टीन शिरेतून द्यायचे म्हटले तर अस्थिमज्जेला आणि फुप्फुसांना त्याची झळ बसते. दोन्ही गटांना चकती होती, हेही ध्यानात घ्यावे. त्यामुळे फरक औषधाचा होता. वाहकाने मात्र ते औषध बाकीच्या शरीराला त्रास न देता जागेवर पोहोचवले. ज्यांच्या घरात असा आजार येऊन गेला आहे त्यांच्यापुढे मला आठ आठवड्यांना ‘जेमतेम’ म्हणता येणार नाही.

एरंडेल घेतले म्हणजे सगळे निर्मळ झाले, असे मात्र मी म्हणत नाही. तेलातून सेबॅसिक आम्ल काढताना ते कॉस्टिक सोड्याबरोबर २५० अंशांच्या आसपास तापवावे लागते, आणि पूर्वापार पद्धतीत फिनॉलच्या जातीचे द्रावक वापरल्याने सांडपाणी अतिशय वाईट होते. जगातल्या एरंडीचा मोठा हिस्सा भारतात, त्यातही गुजरातेत पिकतो. ‘ओसाड गावी एरंड बळी’ ही आपली म्हण असली तरी उत्तर गुजरातेत या पिकाला उपशाचे पाणी देतात. वर उल्लेखलेला हिशेब खरा करायचा तर तो शेतापासून मांडायला हवा, हा आपला मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. बियांतल्या रिसिन या विषाविषयी आपण विचारले आहे. ते प्रथिन आहे, तेलात उतरत नाही, पेंडीत राहते.

शेवटी उरतो रुग्णालयात न पोहोचण्याचा प्रश्न. ग्लियाडेल उणे २० अंशांना साठवावे लागते, कारण तोच अनहायड्राइडचा बंध शीतपेटीबाहेर टिकत नाही, आणि माझी भुकटी ज्या कारणाने गेली त्याच कारणाने हा पदार्थ साध्या दवाखान्यात ठेवता येत नाही. डोम्ब यांच्या गटाने अलीकडे साखळीतले एस्टर आणि अनहायड्राइड बंध आलटून-पालटून, नियमित क्रमाने बसवून साध्या तापमानाला महिनोन्‌महिने टिकणारा लेप बनवला आहे. आपण साठवण आणि टिकाऊपणा याच विभागात काम केले आहे असे लिहिलेत, म्हणून विनंती करतो : आपल्याकडील दमट हवेत असा पदार्थ कुपीत भरताना नेमकी कुठे अडचण येईल, हे सवडीने लिहावे, मी ते लेखाखाली आपल्या शब्दांत जसेच्या तसे जोडीन.